फेराइट कुठे बसवायचा? द्रावण-पद्धतीने मल्टिफेरोइक नॅनोकंपोझिट फिल्म वाढवताना

एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या बिस्मथ फेराइट (फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे ज्याचे विद्युत-ध्रुवण विद्युतक्षेत्राने उलटवता येते असा पदार्थ) आणि कोबाल्ट फेराइट (चुंबकीय पदार्थ; पुढे नुसते ‘फेराइट’ म्हणजे हाच) यांची मल्टिफेरोइक, म्हणजे दोन्ही गुण एकत्र असलेली, नॅनोकंपोझिट फिल्म प्लॅटिनमचा थर दिलेल्या सिलिकॉनवर सोल-जेल (द्रावणाचे जेल करून भाजणे) आणि स्पिन कोटिंगने (फिरत्या पट्टीवर द्रावण पसरवणे) तयार करत आहेत. दोन्ही द्रावणे त्यांनी एकत्र मिसळली असून कोबाल्ट फेराइटचे प्रमाण ३५ टक्के ठेवले आहे. फिल्मला तडे जातात, क्ष-किरण विवर्तनात २८ अंशांच्या आसपास नको असलेली शिखरे दिसतात आणि विद्युत-ध्रुवणाचा लूप फुगीर, कडा गोल झालेला मिळतो. चुंबकीय लूप मात्र सुरेख येतो. तापमान बदलावे, वायू बदलावा की द्रावण बदलावे, असे त्यांनी विचारले आहे.

या तिन्हींच्या आधी तुमच्या फिल्मची रचना बदलावी लागेल, असे माझे मत आहे. तुमच्या बहुतेक अडचणी फेराइट फिल्ममध्ये कुठे बसला आहे यावर अवलंबून आहेत, आणि मिसळलेल्या द्रावणात ती जागा ठरवण्याचा अधिकार तुम्ही स्वतःहून सोडून दिलेला असतो.

आपण दोन पदार्थ एकत्र का आणतो, हे आधी आठवू. चुंबकक्षेत्राने विद्युत-ध्रुवण घडावे ही कल्पना पिएर क्युरी यांनी १८९४ मध्ये मांडली होती. क्रोमियम ऑक्साइडमध्ये हा परिणाम दिसेल असे भाकीत १९५९ मध्ये झाले आणि १९६० मध्ये तो मोजला गेला, पण तो अत्यंत क्षीण होता. १९७२ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेतील व्हान सुख्टेलेन यांनी वेगळी वाट सुचवली. एक पदार्थ चुंबकक्षेत्रात आपली लांबी बदलतो, दुसरा पदार्थ दाबल्यावर वीज देतो. दोघे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील, तर एकाकडेही नसलेला गुण जोडीत निर्माण होतो. कोबाल्ट फेराइट या कामासाठी निवडला जातो, कारण त्याच्या एकस्फटिकात चुंबकक्षेत्रामुळे होणारा लांबीतील बदल दशलक्षात काही शे भाग इतका मोठा असतो. बिस्मथ फेराइट निवडण्याचे कारण म्हणजे त्याचे फेरोइलेक्ट्रिक वर्तन सुमारे ८३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, त्याचे ध्रुवण भरपूर असते आणि त्यात शिसे नसते.

या सगळ्या युक्तिवादातला निर्णायक शब्द ‘घट्ट’ हा आहे. म्हणूनच नॅनो-रचनेत दोन पदार्थांमधील सीमा कशी आहे आणि त्या सीमा कोणत्या दिशेने पसरल्या आहेत, यावर सगळे ठरते. याची तीन ठळक रूपे आहेत: फेराइटचे सुटे कण फेरोइलेक्ट्रिकमध्ये विखुरलेले, दोन्हींचे आडवे थर एकावर एक, आणि फेराइटचे उभे स्तंभ फेरोइलेक्ट्रिकच्या पोटात. द्रावणे मिसळताना तुमच्या मनात बहुधा तिसरे रूप होते, कारण २००४ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने ‘सायन्स’मध्ये दाखवलेले बेरियम टायटनेटमधले कोबाल्ट फेराइटचे स्तंभ या विषयातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असतात.

ते स्तंभ स्पंदित लेसरने वाढवलेले होते, आणि द्रावण-पद्धतीत ते आपोआप का येत नाहीत हे समजून घेतले पाहिजे. लेसर-पद्धतीत अणू ७०० अंशांच्या वर तापलेल्या पृष्ठभागावर एकेक करून पडतात, पृष्ठभागावर हिंडतात आणि आपापल्या जातीच्या कणाला जाऊन मिळतात. स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या आधारपट्टीच्या ००१ पृष्ठावर पेरोव्हस्काइट (बेरियम टायटनेट आणि बिस्मथ फेराइट ज्या स्फटिक-गटात येतात तो) पसरून बसतो आणि स्पिनेल या दुसऱ्या स्फटिक-गटातला फेराइट उभा वाढतो. आधारपट्टी १११ दिशेची घेतली, तर याच्या उलट, म्हणजे फेराइटच्या पोटात पेरोव्हस्काइटचे स्तंभ मिळतात. इतके ते पृष्ठऊर्जेवर अवलंबून आहे. आपल्या पद्धतीत मात्र आधी सगळे धातू-आयन एका अस्फटिकी जेलमध्ये कालवले जातात आणि नंतर ते घन अवस्थेतच वेगळे व्हावेत अशी आपण अपेक्षा करतो. घन अवस्थेत आयन काही नॅनोमीटरच हलू शकतात. शिवाय तुमचे प्लॅटिनम बहुस्फटिकी असल्यामुळे कोणत्याही कणाला उभे वाढण्यासाठी मार्गदर्शन मिळत नाही. परिणामी मिळतात ते दोन्ही पदार्थांचे १० ते ५० नॅनोमीटरचे अस्ताव्यस्त कण. शोधनिबंधांत अशा फिल्मला काही वेळा स्तंभरचना म्हटलेले आढळते. आडवा छेद घेतलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र सोबत नसेल, तर त्यावर विसंबू नये.

आता गळतीकडे, म्हणजे फिल्ममधून आरपार वाहणाऱ्या नको असलेल्या प्रवाहाकडे, येऊ. कोबाल्ट फेराइट फेरोइलेक्ट्रिकच्या तुलनेत कितीतरी अधिक वाहक आहे. सारख्या आकाराचे गोल कण यदृच्छया विखुरले, तर साधारण १६ टक्के घनफळानंतर ते एकमेकांना टेकून आरपार साखळी तयार करू लागतात. तुम्ही ३५ टक्क्यांवर आहात. शिवाय २०० नॅनोमीटर जाडीच्या फिल्ममध्ये ४० नॅनोमीटरचे पाच कण एकावर एक आले की खालच्या इलेक्ट्रोडपासून वरच्या इलेक्ट्रोडपर्यंत रस्ता तयार होतो, त्यामुळे पातळ फिल्ममध्ये धोका त्याहून कमी प्रमाणालाही असतो. तुमचा फुगीर लूप हा या रस्त्यांवरून वाहणारा प्रवाह आहे. तापमान किंवा वायू बदलून तो थोडा बारीक होईल, पण जाणार नाही.

इथे आणखी एक बाब तपासा. ३५ टक्के म्हणजे कोणते टक्के? बिस्मथ फेराइटचे मोलीय घनफळ सुमारे ३७.५ घन सेंटिमीटर आणि कोबाल्ट फेराइटचे सुमारे ४४.३ घन सेंटिमीटर आहे. घनफळाने ३५ टक्के हवे असेल, तर ते मोलने सुमारे ३१ टक्के आणि वजनाने २५ ते २६ टक्के होते. मोलचे ३५ टक्के घेतले असतील, तर घनफळ ३९ टक्क्यांच्या जवळ जाते. साखळी बनणे घनफळावर अवलंबून असते, म्हणून लिहिताना आणि तुलना करताना घनफळच वापरावे.

माझा सल्ला असा की पहिले वर्ष आडव्या थरांच्या रचनेवर काढा: खाली बिस्मथ फेराइट, मध्ये कोबाल्ट फेराइटचा एक पातळ थर, वर पुन्हा बिस्मथ फेराइट. फेराइट दोन्ही इलेक्ट्रोडपासून दूर राहतो आणि आरपार रस्ता उरत नाही. प्रत्येक द्रावण वेगळे असल्यामुळे एखादी गोष्ट बिघडली, तर ती कोणत्या द्रावणामुळे बिघडली हेही कळते.

ही रचना फुकटात मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. वरून लावलेले व्होल्टेज थरांमध्ये वाटले जाते. बिस्मथ फेराइटचा सापेक्ष विद्युतपारगम्यतांक १०० च्या आसपास आणि कोबाल्ट फेराइटचा १० ते १५ धरला, तर विद्युतदृष्ट्या ३० नॅनोमीटरचा फेराइट थर सुमारे २५० नॅनोमीटर बिस्मथ फेराइटइतका ‘जाड’ ठरतो. बिस्मथ फेराइटचे दोन्ही थर मिळून १६० नॅनोमीटर असतील, तर फेराइट चांगला निरोधक असल्यास तब्बल साठ टक्के व्होल्टेज एकटाच खातो. तो वाहक असल्यास उलट घडते: कमी वारंवारतेला तो आतल्या इलेक्ट्रोडसारखा वागतो आणि सगळे व्होल्टेज बिस्मथ फेराइटवर पडते. त्यामुळे एकाच नमुन्याचा लूप १०० हर्ट्झला आणि १० किलोहर्ट्झला वेगळा दिसतो, आणि कमी वारंवारतेला विद्युतपारगम्यतांक फुगलेला दिसतो. सीमेवर साठलेल्या विद्युतभारामुळे फुगलेल्या त्या आकड्याला पदार्थाचा नवा गुण समजण्याची चूक फार जणांनी केली आहे. म्हणून फेराइटचा थर १५ ते ३० नॅनोमीटरच ठेवा आणि प्रत्येक मोजमाप निदान तीन वारंवारतांना घ्या.

द्रावणांविषयी सविस्तर लिहितो, कारण या पद्धतीत भट्टीपेक्षा बाटलीत जास्त चुका होतात. बिस्मथ फेराइटचे ०.२५ मोलर, २० मिलिलिटर द्रावण करायचे, तर आयर्न नायट्रेट नोनाहायड्रेट २.०२० ग्रॅम आणि ५ टक्के जादा धरून बिस्मथ नायट्रेट पेंटाहायड्रेट २.५४७ ग्रॅम लागते. कोबाल्ट फेराइटचे ०.१ मोलर, २० मिलिलिटर द्रावण करायला कोबाल्ट नायट्रेट हेक्झाहायड्रेट ०.५८२ ग्रॅम आणि आयर्न नायट्रेट १.६१६ ग्रॅम घ्यावे. या तिसऱ्या दशांश स्थळावर विश्वास ठेवण्यापूर्वी आयर्न नायट्रेटची बाटली तपासा. ते हवेतले पाणी ओढते, आणि उघडून सहा महिने झालेल्या बाटलीत लेबलवर लिहिलेले नऊ पाणी-रेणू उरलेले नसतात, कधी जास्तही असतात. एक ग्रॅम मीठ वजन करून सिरॅमिक मुशीत हळूहळू ७०० अंशांपर्यंत तापवा आणि उरलेल्या लोह ऑक्साइडचे वजन करा. मीठ लेबलप्रमाणे असेल, तर ०.१९८ ग्रॅम मिळायला हवे. फरक आला, तर तो आकडा धरून वजन बदला. मी पाहिलेल्या ‘गूढ’ दुय्यम प्रावस्थांपैकी (नको असलेल्या इतर स्फटिक-संयुगांपैकी) बऱ्याच या एका तपासणीने नाहीशा झाल्या.

बिस्मथ नायट्रेट पाण्यात टाकले की बेसिक बिस्मथ नायट्रेटचा पांढरा साका बसतो. म्हणून ते आधी ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल आणि २-मेथॉक्सिएथॅनॉल यांच्या मिश्रणात पूर्ण विरघळू द्यावे, द्रावण स्वच्छ दिसल्यावरच लोहाचे मीठ घालावे. २-मेथॉक्सिएथॅनॉल हे द्रावक गर्भाला आणि प्रजननक्षमतेला हानिकारक आहे. ते केवळ धूरकपाटातच, हातमोजे घालूनच हाताळावे. काही कृतींमध्ये स्फटिकजल काढण्यासाठी अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड वापरतात. वरच्या मापात स्फटिकजलाचे सुमारे ७१ मिलिमोल पाणी असते आणि ते सगळे पकडायला जवळपास पावणेसात मिलिलिटर अ‍ॅनहायड्राइड लागेल. हे काम रसायनशास्त्राचा सराव असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीशिवाय करू नये. नायट्रेट आणि अ‍ॅनहायड्राइड एकत्र आल्यावर खूप उष्णता निघते आणि स्फोटक अ‍ॅसिटिल नायट्रेट बनू शकते, म्हणून बर्फाच्या भांड्यात, थेंबाथेंबाने, बाटलीचे तोंड उघडे ठेवून, आणि द्रावण कधीही कोरडे होईपर्यंत न तापवता ते करावे लागते. मी स्वतः ते टाळतो आणि सायट्रिक आम्लासारखा आयन धरून ठेवणारा रेणू वापरतो. फिल्म त्याने थोडी कमी घन होते, पण द्रावण निवांत राहते.

दमटपणाचा उल्लेख इथेच करतो. कोकणपट्टीत किंवा कोल्हापूरसारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर प्रयोगशाळेची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते. फिरणाऱ्या फिल्मवरून द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतले पाणी तिच्यावर बसते. फिल्म दुधट दिसते, आणि नंतर त्या जागी सूक्ष्म छिद्रे सापडतात. आमच्याकडे एका जुलैमध्ये तयार केलेले सगळे नमुने टाकून द्यावे लागले आणि कारण कळेपर्यंत दिवाळी आली. स्पिन कोटरच्या झाकणाखाली कोरड्या नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडणे आणि दमटपणा मोजणारे साधे घड्याळ शेजारी लटकवून त्याचा आकडा प्रत्येक नमुन्यासोबत वहीत लिहिणे, एवढे केले तरी पुरते.

थर देण्याची क्रिया सरळ आहे. द्रावण ०.२ मायक्रोमीटरच्या टेफ्लॉन गाळणीतून थेट आधारपट्टीवर टाकावे, मिनिटाला ३००० फेऱ्यांनी ३० सेकंद फिरवावे. भाजण्यापूर्वी कापसाच्या काडीने द्रावक लावून एक कोपरा पुसून घ्यावा, म्हणजे खालच्या प्लॅटिनमला जोडणी देण्यासाठी नंतर फिल्म खरवडावी लागत नाही.

तडे हा खरा शास्त्रीय प्रश्न आहे. सिलिकॉनचा उष्णता-प्रसरणांक दर अंशाला सुमारे २.६ दशलक्षांश, तर या ऑक्साइडांचा १० दशलक्षांशाच्या आसपास असतो. ६०० अंशांवरून खाली येताना फिल्मला आधारपट्टीपेक्षा सुमारे ०.४ टक्के जास्त आक्रसायचे असते, पण ती चिकटलेली असल्यामुळे आक्रसू शकत नाही आणि ताणात राहते. त्याआधी जेलमधले सेंद्रिय भाग जळताना झालेला आकुंचनाचा ताण असतो तो वेगळाच. या ताणात साठलेली ऊर्जा थराच्या जाडीबरोबर वाढते, म्हणून एका वेळी दिलेला थर एका मर्यादेपलीकडे जाड झाला की तो तडकतो. तुम्ही ०.५ मोलर द्रावणाने एका फेरीत जाड थर देत असाल, तर तिथेच कारण आहे. एका फेरीत ३० ते ५० नॅनोमीटर ठेवा. प्रत्येक थर १५० अंशांवर दोन मिनिटे, मग ३५० ते ४०० अंशांवर पाच मिनिटे भाजा. ओला थर थेट ४०० अंशांवर टाकू नका: वरची साय आधी घट्ट होते, खालचा वायू तिला फोडून बाहेर पडतो. शिवाय नायट्रेट आणि सेंद्रिय इंधन एकत्र असलेले जेल २५० अंशांच्या आसपास स्वतःच पेट घेऊ शकते. जाड थरात हे डोळ्यांना दिसते.

स्फटिकीकरणासाठी प्रत्येक दोन थरांनंतर ५०० ते ५५० अंशांवर जलद तापवणाऱ्या भट्टीत काही मिनिटे आणि शेवटी एकदाच थोडा जास्त वेळ, ही पद्धत मला अधिक आवडते. आधी स्फटिक झालेला थर वरच्या थराला बीजासारखा उपयोगी पडतो आणि फिल्म दाट होते. सगळे थर अस्फटिकी ठेवून शेवटी एकदाच भाजले, तर स्फटिक जागोजागी जन्म घेतात आणि मध्ये पोकळ्या राहतात. प्लॅटिनमवर आधी लँथॅनम निकेलेटचा एक पातळ थर, तोही द्रावणानेच दिला, तर त्याचे ३.८४ अँगस्ट्रॉमचे स्फटिकजाल बिस्मथ फेराइटच्या ३.९६ अँगस्ट्रॉमला बरेच जवळचे असल्यामुळे फिल्म एका दिशेने वळवायला मदत होते. त्याचा दुसरा फायदा म्हणजे तो वाहक ऑक्साइड असल्यामुळे खालच्या सीमेवर ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा कमी साठतात.

तुमची २८ अंशांजवळची शिखरे दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकतात, आणि उपाय एकमेकांच्या उलट आहेत. तांबे-के-अल्फा किरणांना २७.७ अंशांजवळचे शिखर बिस्मथचे प्रमाण जास्त असलेल्या सिलेनाइट प्रावस्थेचे असते: बिस्मथ जादा घातले गेले, किंवा तापमान अपुरे पडले. २८ ते ३० अंशांदरम्यान शिखरांचा गट दिसत असेल, तर तो लोह जास्त असलेल्या प्रावस्थेचा आहे: बिस्मथ उडून गेले, म्हणजे तापमान किंवा वेळ जास्त झाला. मिसळलेल्या द्रावणात यात आणखी गोंधळ होतो. लोह दोन्ही पदार्थांत सामायिक आहे आणि कोबाल्टचा काही भाग बिस्मथ फेराइटमध्ये शिरतो. तितके लोह फेराइटकडून मोकळे राहते आणि ते बिस्मथला ओढून तिसरीच प्रावस्था तयार करते. तुम्ही मापे कितीही अचूक घेतली, तरी कोणता आयन कुठे जाणार हे मापावर ठरत नाही. क्ष-किरण यंत्राबद्दल एक बारीक गोष्ट: तांब्याच्या किरणांनी लोह आणि कोबाल्ट दोन्ही स्वतः प्रकाशमान होतात आणि पार्श्वभूमी वर उचलली जाते, तिच्यात लहान शिखरे बुडतात. डिटेक्टरची ऊर्जा-मर्यादा आवळून घ्या किंवा कोबाल्टची नळी असलेले यंत्र मिळते का पाहा. फेराइटचे मुख्य शिखर ३५.५ अंशांजवळ शोधा. २० नॅनोमीटरच्या थरात ते रुंद आणि बुटके असणार, म्हणून अगदी तिरक्या कोनाने मोजमाप घ्यावे.

बिस्मथ फेराइटची स्वतःची गळती कमी करायला लोहाच्या जागी ३ ते ५ टक्के मँगनीज घालणे हा जुना आणि चालणारा उपाय आहे. पण आधी मँगनीजविना एक मालिका पूर्ण करा, नाहीतर सुधारणा रचनेमुळे झाली की मँगनीजमुळे, हे सांगता येणार नाही.

आडव्या थरांची मोठी मर्यादा म्हणजे आधारपट्टीची पकड. अर्धा मिलिमीटर जाड सिलिकॉनला चिकटलेला ३० नॅनोमीटरचा फेराइट चुंबकक्षेत्रात लांब-आखूड व्हायला धडपडतो, पण आडव्या दिशेने त्याला हलताच येत नाही. म्हणून अशा फिल्मचा चुंबक-विद्युत गुणांक (ठरावीक चुंबकक्षेत्रामागे मिळणारे विद्युतक्षेत्र) कागदावर काढलेल्या हिशेबापेक्षा फार कमी येतो. उभ्या स्तंभांचे आकर्षण खरे तर इथे आहे: त्यांची सीमा उभी असल्यामुळे सिलिकॉनची पकड सैल पडते. द्रावणाने हे साधायचे असेल, तर दोन पदार्थ एकाच जेलमधून वेगळे होण्याची वाट न पाहता आधी एकाचा सांगाडा बांधावा आणि मग दुसरा भरावा. ब्लॉक कोपॉलिमरचे रेणू द्रावणात स्वतःच नॅनोमीटर मापाच्या गोळ्यांमध्ये गोळा होतात. फेराइटचे पूर्वद्रव्य त्यांच्याभोवती बसते आणि भाजल्यावर पॉलिमर जळून सच्छिद्र फेराइट उरतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने अशा सच्छिद्र कोबाल्ट फेराइटच्या भिंतींवर शिशाच्या झिर्कोनेट-टायटनेटचे अस्तर दिले. अस्तर वायुरूप पूर्वद्रव्यांनी अणुथर-दर-अणुथर दिलेले होते, पण सांगाडा शुद्ध द्रावण-रसायनाचा होता. छिद्रे पूर्ण भरली तेव्हापेक्षा थोडी पोकळी शिल्लक ठेवली तेव्हा चुंबकनातला बदल मोठा मिळाला, कारण पदार्थाला हलायला जागा मिळाली. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते, कारण आपण सगळे नेहमी फिल्म दाट करायच्या मागे असतो. छिद्रे द्रावणानेच भरायची असतील, तर पातळ द्रावणाच्या अनेक फेऱ्या लागतील आणि प्रत्येक फेरीनंतर वर जमलेली साय तपासावी लागेल. दुसऱ्या वर्षाचे काम म्हणून हे योग्य आहे.

आधी तयार केलेले फेराइटचे नॅनोकण फेरोइलेक्ट्रिकच्या द्रावणात मिसळण्याचा मार्गही आहे. तो सोपा दिसतो, पण कणांवरचे ओलेइक आम्लाचे आवरण या ध्रुवीय द्रावकात टिकत नाही आणि कण गोळा होतात. शिवाय खोलीच्या तापमानाला कोबाल्ट फेराइटचा कण साधारण १० नॅनोमीटरपेक्षा लहान झाला की त्याचे चुंबकत्व स्थिर राहत नाही. या मार्गाने गेलात, तर १५ ते २० नॅनोमीटरचे कण आणि १० टक्क्यांच्या आतले घनफळ धरा.

राहता राहिली मोजमापे, आणि इथे थोडे कठोर बोलावे लागेल. तुमचा चुंबकीय लूप ‘सुरेख’ आहे यातून फारसे काही सिद्ध होत नाही. ५ बाय ५ मिलिमीटरच्या तुकड्यावर ४० नॅनोमीटर कोबाल्ट फेराइट असेल, तर त्याचे संपूर्ण चुंबकीय आघूर्ण फार तर ०.०००४ एमू (चुंबकीय आघूर्णाचे एकक) भरते. शुद्ध लोखंडाच्या सुमारे २ मायक्रोग्रॅममध्ये तेवढेच आघूर्ण असते, म्हणजे ६० मायक्रोमीटर बाजूचा, केसाच्या जाडीएवढा एक कण पुरतो. स्टीलचा चिमटा आधारपट्टीच्या कडेला घासला की असा कण चिकटतो. आम्ही एकदा फिल्म नसलेल्या कोऱ्या सिलिकॉनवर उत्तम लूप मोजला होता, तेव्हापासून प्रयोगशाळेत प्लॅस्टिकचे आणि टायटेनियमचे चिमटे आले. सिलिकॉनचे स्वतःचे प्रतिचुंबकत्वही वजा करावे लागते: १ टेस्लाला ते सुमारे ०.००००३ एमू असते, पण ५ टेस्लाला तुमच्या फेराइटच्या चाळीस टक्क्यांपर्यंत जाते.

विद्युत-ध्रुवणासाठी साध्या लूपवर थांबू नये. एकाच दिशेचे दोन आणि उलट दिशेचे दोन असे स्पंद देऊन पहिल्या व दुसऱ्या स्पंदातला फरक घेण्याची पद्धत वापरा. गळती आणि साधी धारकता दोन्ही स्पंदांत सारखी असल्यामुळे ती बाद होते आणि उरते ते खरे उलटणारे ध्रुवण. वरचे इलेक्ट्रोड १०० ते २०० मायक्रोमीटरचे ठेवा आणि लावल्यानंतर ३०० ते ४०० अंशांवर थोडा वेळ भाजा.

शेवटचे आणि सर्वांत फसवे मोजमाप चुंबक-विद्युत गुणांकाचे आहे. समजा गुणांक दर सेंटिमीटर-ओरस्टेडला १०० मिलिव्होल्ट आहे, फिल्म ३०० नॅनोमीटर आहे आणि प्रत्यावर्ती चुंबकक्षेत्र १ ओरस्टेड (चुंबकक्षेत्राचे एकक) आहे. मिळणारे व्होल्टेज फक्त ३ मायक्रोव्होल्ट. आता तुमच्या जोडणीच्या तारांनी १ चौरस सेंटिमीटरचा वेढा केला असेल, तर १ किलोहर्ट्झला त्या वेढ्यातच निव्वळ प्रेरणाने सुमारे ६३ मायक्रोव्होल्ट निर्माण होतात, म्हणजे तुमच्या संकेताच्या वीसपट. तारा पिळून वेढा लहान करा, तरी काही उरतेच. ते ओळखायच्या खुणा अशा: प्रेरणाचे व्होल्टेज वारंवारतेच्या सरळ प्रमाणात वाढते, क्षेत्राशी त्याची कला ९० अंशांनी सरकलेली असते आणि स्थिर चुंबकक्षेत्र बदलले तरी ते तसेच राहते. खरा संकेत स्थिर क्षेत्राबरोबर बदलतो, मॅग्नेटोस्ट्रिक्शनच्या (चुंबकक्षेत्रामुळे होणाऱ्या लांबीतील बदलाच्या) उताराप्रमाणे वाढून कमी होतो, आणि क्षेत्राची दिशा उलटली की त्याचे धन-ऋण चिन्ह उलटते. शिवाय उलट दिशेचे व्होल्टेज देऊन बिस्मथ फेराइटचे ध्रुवण फिरवले, तर संकेताचे चिन्ह पुन्हा उलटले पाहिजे. ही शेवटची चाचणी मला अनेक प्रकाशित निबंधांत दिसत नाही.

या चाचण्यांसाठी पहिल्याच मालिकेत शेजारी एक जोडीचा नमुना ठेवा: तोच सिलिकॉन, तेच थर, तीच भट्टी, फक्त मधल्या फेरीत कोबाल्ट फेराइटच्या जागी बिस्मथ फेराइटचेच द्रावण. त्याच तारांनी आणि त्याच धारकात तो जितके मायक्रोव्होल्ट देईल, तितके तुमच्या कंपोझिटच्या आकड्यातून, कला लक्षात घेऊन, आधी वजा करायचे.